उणे एक डिग्री आणि अनिसभाई

"गॅस जास्त भरला त्या अनिसभाईनं! सारी लस गोठली!" नेरचे कैलासभाऊ फोनवर ओरडत होते. त्यांचं जनावरांच्या औषधांचं दुकान. कोंबड्यांची ही लस गोठली की वाया जाते. पण हे कळायच्या आधीच काही बाटल्या विकल्या गेल्या होत्या. लस टोचूनही एका बाईच्या शेडमधल्या साऱ्या कोंबड्या साथीत मेल्या.

अनिसभाई नेरचेच मेकॅनिक. तो फ्रिज त्यांनी बसवला होता. थंडावा सांभाळणारं आतलं बोर्ड मात्र आमच्या यवतमाळच्या कंपनीचं. बोर्डाच्या चिपमधला प्रोग्राम, म्हणजे फर्मवेअर, मी सांभाळतो. कैलासभाऊंनी अनिसभाईंना पायरी चढू दिली नाही. मग बाकीच्यांनीही बोलावणं सोडलं. गाव केवढं, बोभाटा व्हायला कितीसा वेळ लागतो!

फ्रिज आम्ही ऑफिसात आणला. गॅस अगदी बरोबर निघाला. मग मी सेन्सर बर्फ-मिठात बुडवला. स्क्रीनवर दोन, एक, शून्य, आणि एकदम दोनशे पंचावन्न! बोर्डाला वाटलं, फ्रिज पेटला. त्यानं कॉम्प्रेसर सुरू केला तो थांबेचना.

गोष्ट साधी आहे. सेन्सर आठ बिटांत, म्हणजे शून्य-एकच्या आठ घरांत, आकडा देतो. पहिली बिट एक असली की आकडा उणे. तो बत्तीस बिटांच्या मोठ्या जागेत नेताना पुढच्या रिकाम्या जागांत तीच बिट भरत जायची. याला साइन एक्स्टेन्शन म्हणतात. तिथं शून्यं भरली की उणे एकचे दोनशे पंचावन्न होतात. जुन्या चिपचा कंपायलर, म्हणजे कोड चिपच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, हे आपोआप करायचा. नव्या, स्वस्त चिपचा करत नाही. त्याला 'साइन्ड', म्हणजे आकडा उणेही असू शकतो, असं स्पष्ट लिहून द्यावं लागतं. कोड मात्र मी जसाच्या तसा उचलला होता. टेस्टिंग झालं भर मे महिन्यात. यवतमाळच्या मेमध्ये शून्याखालचं कोणाला सुचणार? थंडीत कॉम्प्रेसर बंद झाल्यावरही सेन्सर लावलेली आतली प्लेट गार होत राहिली, शून्याखाली गेली आणि घात झाला.

"रिपोर्टमध्ये 'सॉफ्टवेअर अपडेट' एवढंच लिही," बॉस म्हणाले.

"आणि अनिसभाई, सर?"

"त्याचं नाव कायले काढून राह्यला आता?"

डोकंच फिरलं माझं. तडक नेरला जाऊन कैलासभाऊंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गॅस बरोबर हाय म्हणून हात जोडून सांगे बिचारा. म्या आयकूनच नाही घेतलं."

अनिसभाई तोवर दुकानाला कुलूप लावून नागपूरला मेहुण्याकडे एसी धुवायच्या कामाला गेले होते. फोन लावला. "अनिसभाई, गॅस बरोबर होता. चूक आमच्या बोर्डाची. परत या."



"म्या तं शेवटी मानलं होतं साहेब, माहाच हात चुकला म्हणून. त्या बाईच्या घरी जाऊन माफी मांगून आलो. आता गॅस भराले हातच धजत नाही."

 

अनिसभाई आले नाहीत. आता नवा कोड आला की मी सेन्सर आधी बर्फात घालतो. बर्फ समोरच्या रसवंतीवर मिळतो, मे महिन्यातही. तेव्हाही मिळत होता.