दीड इंच ठरलं होतं

पाताळकोटला जायचं असेल तर जरूर जा. सुंदर आहे म्हणतात. मी स्वतः जाऊन आले आणि तरीही मला "म्हणतात" असं लिहावं लागतंय, म्हणून ही पोस्ट. शांतपणे लिहून पाहिलं, जमलं नाही. तेव्हा रागातच लिहिते.

गाडी उंच करायचं ठरलं ते मागच्या हिवाळ्यात. नागपूरहून सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असं करत आम्ही छिंदीपर्यंत गेलो होतो. छिंदीच्या पुढे डोंगराच्या काठावरून एक कच्चा रस्ता खाली पाताळकोटच्या दरीतल्या वस्तीकडे उतरतो. अर्ध्या उतारावर आमची डबल केबिन पिकअप एका दगडावर पोटाने टेकली. असा आवाज आला की माझेच दात शिवशिवले. आमचे प्रमोदराव, म्हणजे माझे यजमान, गाडीखाली शिरून पाहून आले आणि म्हणाले, "गाडी उंच करा लागते वं. नाही तं खाली जाणं होत नाही." रिव्हर्स घेत घेत परत वर आलो. मला रडू येत होतं, कारण त्या दरीत उतरायचं वेड माझं होतं, त्यांचं नव्हे.

नव्या वाचकांसाठी सांगते. मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर आहे, हातात कुबडी आहे. तो लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा गुडघ्याशी लॉक केला की पाय वाकत नाही. साध्या कारची सीट खाली असते, तिच्यातून उठणं म्हणजे विहिरीतून वर येणं. ही पिकअप आम्ही घेतली तीच मुळी सीट माझ्या कमरेबरोबर येते म्हणून. गाडीकडे पाठ करायची, सीटच्या कडेवर टेकायचं, मागे सरकायचं आणि पाय हाताने उचलून आत घ्यायचा. कुणाचा हात नको, कुणाचं "सांभाळून हं" नको. शोरूममध्ये प्रमोदराव इंजिन पाहत होते तेव्हा मी सतत बसत-उतरत होते. या गाडीने मी पेंच पाहिलं, चिखलदरा पाहिला, आणि प्रत्येक ठिकाणी आपल्या पायांनी उतरले.

तर लिफ्ट किट, म्हणजे गाडी उंच करायचं सामान. पहिल्यांदा नागपूरला लागून असलेल्या वाडीला गेलो. ट्रकांच्या गर्दीत स्प्रिंग आणि शॉकअपची दुकानं शोधावी लागत नाहीत, तीच तुम्हाला हाका मारतात. एका दुकानदाराने गाडीभोवती फेरी मारली आणि प्रमोदरावांना म्हणाला, "भाऊ, चार इंच टाकून द्या. टायरही मोठे. गाडी रोडवर आली का लोकांनी बाजू दिली पाहिजे."

मी विचारलं, "सीट किती वर जाईल?"

त्याने उत्तर दिलं, पण प्रमोदरावांना. "वहिनीले टेन्शन नका घेऊ म्हणा. आपण उचलून बसवून देऊ."

आणि प्रमोदराव हसले. मोठ्याने नाही, उगाच कुणाचं मन मोडू नये म्हणून माणूस हसतो तसं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय सिलिंडर आहे का? घरी येईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही आणि घरी आल्यावर बरंच बोलले.

कामठी रोडवर दुसरा भेटला. त्याचं म्हणणं, वहिनीसाठी बाजूला पायरी लावून देतो. पायरी हे उत्तर मला इतक्या लोकांनी दिलंय की आता मी ते ऐकतसुद्धा नाही. ज्याला पाय उचलून वर ठेवता येतो त्याला पायरी. मला गाडीला पाठ लावून टेकायचं असतं, तिथे तो पाइप पोटरीला आडवा येतो आणि सीट आणखी लांब जाते. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मग दोन पायऱ्या लावू."

शेवटी माझी हद्द किती हे मीच मोजायचं ठरवलं. आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता झाल्यापासून रस्ता वर आणि घरं खाली अशी अवस्था आहे. पावसात त्याबद्दल मी रोज कुणाला तरी शिव्या देते, पण या वेळी त्याचा उपयोग झाला. रस्ता आणि अंगण यांच्या उंचीतला फरक प्रत्येक फाटकापुढे वेगळा आहे. गाडी रस्त्याच्या कडेला लावायची, मी खाली अंगणात उभं राहायचं आणि बसून पाहायचं. आमच्या फाटकापाशी अशक्य. कोपऱ्यावरच्या टेलरच्या दुकानापुढे जमलं, थोडं कण्हत. पट्टी लावली, दीड इंच. समोरच्या बाईंनी गच्चीवरून विचारलं, "काय करून राहिल्या हो मॅडम?" मी म्हटलं, "गणित." शाळेत मी तेच शिकवते.

बुटीबोरीला एका मोठ्या शेडमध्ये कारखान्यांच्या गाड्यांचं काम होतं. तिथल्या मिस्त्रीशी बोलून ठरलं. पुढच्या स्प्रिंगला दीड इंच, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांना तेवढंच, आणि पोटाखाली जाड लोखंडी प्लेट, म्हणजे दगड लागला तरी खरचटेल, फुटणार नाही. तुम्हीही करणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा. स्प्रिंगने गाडीचं पोट वर जातं, पण मागच्या अ‍ॅक्सलचा मधला गोळा, ज्यात चाकं फिरवणारे गिअर असतात, तो होता तिथेच राहतो, त्यामुळे "आता काहीही ओलांडाल" असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. नंतर अलाइनमेंट करून घ्या, हेडलाइट खाली करून घ्या, नाहीतर समोरचे शिव्या देतात. आरटीओ आणि विमावाल्यांना आधी विचारा, दुकानदार ते कधीच सांगत नाही. दराचं काय सांगू, प्रत्येक दुकानात तो तुमच्या तोंडाकडे पाहून ठरतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फिटिंग होताना स्वतः तिथे उभे राहा. मी राहिले नाही. शाळेत परीक्षा होत्या, प्रमोदराव एकटे गेले.

निघायच्या सकाळी थंडी कडक होती. डबे भरले, थर्मास भरला, कुलूप लावलं. गाडी फाटकाबाहेर उभी होती आणि मला वाटलं, थंडीमुळे मीच आखडले असेन. पाठ केली, टेकायला गेले, तर सीटची कड माझ्या पाठीच्या कण्याला लागली. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच.

"किती केली?" मी विचारलं.

"तीन," प्रमोदराव म्हणाले. चेहऱ्यावर लग्नात आहेर देतानाचा आनंद. "मिस्त्री म्हणे, दीडमध्ये काही फरकच पडत नाही. तुले खाली न्यायचं आहे ना, म्हणून केली. सरप्राइज!"

"आणि मी बसू कशी?"

"मी आहो ना."

तेवढं म्हणून त्यांनी मला उचललं आणि सीटवर ठेवलं. समोरच्या बाई गच्चीतच होत्या. तेव्हाच गाडीतून खाली उडी मारायला हवी होती, पण उडी मारता येत असती तर प्रश्नच नव्हता. तामियाची खोली सांगून ठेवली होती, शाळेतून रजा घेतली होती. गेले. त्याचा राग मला त्यांच्यापेक्षा स्वतःवर जास्त आहे.

रस्त्याचं सांगते. सावनेरपर्यंत उत्तम. तीन इंच वरून खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या काही वेगळ्या दिसत नाहीत. सौंसरच्या अलीकडे एका ढाब्यावर थांबलो, आलूबोंडा आणि तर्री झणझणीत होती. बाजूला गुडघ्याएवढा ओटा होता. मी म्हटलं, "गाडी ओट्याला लावा, मी त्यावर उतरते." तर म्हणाले, "तिकडे ऊन आहे. अन् ओटा कायले पाहिजे? मी आहो ना." मी उतरले नाही. त्यांनी चहा खिडकीतून आणून दिला. ते पैसे द्यायला गेले आणि मी तो खिडकीतून ओतला. चहा प्यायला की बाथरूमला जावं लागणार, बाथरूमला जायचं म्हणजे उचलून उतरवून घ्यायचं, परत आल्यावर उचलून चढवून घ्यायचं. गणित सोपं आहे. त्या दिवशी मी पाणी जवळजवळ प्यायलेच नाही. सिल्लेवानीचा घाट सुंदर आहे, सागाची पानं गळलेली, मधूनच माकडं. तहान लागलेल्या माणसाला घाट फार लांब वाटतो.

तामियाच्या लॉजवर सहलीला आलेलं एक कुटुंब अंगणात शेकोटीची लाकडं रचत होतं. प्रमोदरावांनी मला उचलून उतरवलं तशी त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "पाहा, किती जीव लावतात! नाही तं तुम्ही." सगळे कौतुकाने पाहत होते. प्रमोदराव लाजले. माझ्याकडे कुणी पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर समजलं असतं. खोली स्वच्छ होती, गरम पाणी बादलीने मिळतं, जेवण सांगितलं तर करून देतात. मी दोन ग्लास पाणी घटाघटा प्यायले.

दुसऱ्या दिवशी छिंदी, आणि मग तो उतार. मागच्या वेळचा दगड आला. प्रमोदरावांनी गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूच सोडली. काहीही लागलं नाही. गाडी वरून निघून गेली आणि प्रमोदराव स्टिअरिंगवर हात आपटून ओरडले, "पाहा! दीडमध्ये झालं असतं का?" काही वेळाने आम्ही खाली होतो. उंच कड्यांच्या मधोमध, जिथे यायचं मी वर्षभर मनात घोकत होते.

गाडी त्यांनी एका खडकाकडे तोंड करून लावली, कारण तिथेच सपाट जागा होती. हात पुढे केले. "चल."

मी म्हटलं, "नाही."

"काहून?"

"मले उचलून उतरवलेलं आवडत नाही. काल दिवसभर तेच सांगून राहिली."

"अवं, इथे कोण पाहून राहिलं?"

त्यांना खरंच वाटत होतं की प्रश्न पाहणाऱ्यांचा आहे. ते वस्तीतल्या एका म्हाताऱ्याबरोबर झरा पाहायला गेले. दरीत त्यांचा आवाज घुमत होता, मजेत होता. मी पाताळकोट पाहिलं म्हणजे काय पाहिलं तर समोरचा एक काळा खडक, त्यावरचं शेवाळ आणि काचेवर आपटणारी एक माशी. मान वळवली की थोडं आभाळ. मी हॉर्नवर हात ठेवला आणि बराच वेळ दाबून धरला. कुत्रे भुंकायला लागले. प्रमोदरावांना वाटलं, मी गंमत करतेय.

हॉर्न ऐकून एक बाई घरातून बाहेर आली. तांब्या घेऊनच आली. "नीचे नहीं आओगी, बाई?"

मी म्हटलं, "गाड़ी ऊँची है."

तिने गाडीकडे खालून वर पाहिलं. "तो इतनी ऊँची काहे ली?"

तिने पाणी पुढे केलं आणि मी "प्यास नहीं है" म्हटलं. घसा कोरडा पडला होता. झऱ्याचं पाणी होतं, तांब्याबाहेर थेंब जमले होते. तिला वाटलं असेल, शहरातली बाई आमच्या हातचं पीत नाही. त्या गोष्टीची मला अजून लाज वाटते, आणि तो राग मी कुणावर काढू ते कळत नाही.

घरी आल्यावर प्रमोदरावांनी मित्रांच्या ग्रुपवर फोटो टाकला, कड्याच्या पायथ्याशी धुळीने माखलेली गाडी. खाली लिहिलं, "शेवटी पोहोचलो आपण!"

मी म्हटलं, "आपण नाही. तुम्ही पोहोचले."

ते वाद घालतील असं वाटलं होतं. घातला नाही. फोटो मात्र ग्रुपवरून हटवला नाही.

घरात बसून विचार करते तेव्हा या प्रवासातलं मला काय आठवतं? घाटाचा वास आठवतो, त्या बाईचा तांब्या आठवतो, आणि दोन दिवस अंगभर असलेली ती भावना, की माझ्या प्रत्येक उठण्याबसण्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात आहे. त्यांनी ते प्रेमाने केलं, हे मला कळतं. कळतं म्हणून तर धड भांडताही येत नाही. पण माझ्या गाडीची उंची दोन पुरुषांनी शेडमध्ये उभं राहून बदलली आणि मला विचारावं असं दोघांनाही सुचलं नाही, हे मी प्रेमात मोजणार नाही.

पुढच्या सुटीच्या दिवशी बुटीबोरीला गेलो. गाडीतून नाही. गाडी प्रमोदरावांनी पुढे नेली, मी ऑटो करून मागून गेले आणि शेडमध्ये खुर्ची मागून गाडीसमोर बसले. मिस्त्री हात पुसत आला आणि प्रमोदरावांना म्हणाला, "भाऊ, किती ठेवायचं मग?"

"दीड," प्रमोदराव म्हणाले.

माझाच आकडा. मीच टेलरच्या दुकानापुढे पट्टी लावून काढलेला. तरी तो विचारला त्यांना आणि सांगितला त्यांनी, म्हणून माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"एक," मी म्हणाले.

प्रमोदराव वळले. "अवं, तूच तं दीड म्हणाली होती."

मिस्त्रीने त्या दिवशी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "एक का दीड, मॅडम?"

"एक," मी म्हणाले. "अन् आता मले विचारलं, तसंच पुढेही विचारत जा."