दिवाळीत घ्यायचा कूलर

माझ्या थोरल्या साडूंइतका उद्यासाठी जगणारा माणूस उभ्या वऱ्हाडात झाला नाही, आणि झाला असल्यास त्याच्या बायकोची मला दया येते. साडू अकोल्याला सरकारी कचेरीत कारकून. कापूस सलग मार खाऊ लागला त्या वर्षांत बार्शीटाकळीच्या शेतातला आपला वाटा त्यांनी भावांना देऊन टाकला आणि पगार हा एकच देव मानला. अमरावतीला माझं कापडाचं दुकान. खेड्यांतलं गिऱ्हाईक येईनासं झालं, मी माशा मारत बसलो, तर हे खास एसटीने येऊन मला नोकरीचं माहात्म्य ऐकवत आणि अर्धाच चहा पिऊन माझी बचत करून जात.

मुलांचे पेशे त्यांनी एकाच कसोटीवर निवडले, पावसाशी संबंध नको. थोरलीला डी.एड.ला घातलं, कारण शाळा दुष्काळातही भरते. पोराला गुरांचा डॉक्टर व्हायचं होतं. साडूंनी त्याला समोर बसवून विचारलं, "ढोरं कोनाचे? शेतकऱ्याचे. अन् शेतकरी कोनाच्या भरवशावर? पान्याच्या." पोरगा मुकाट्याने कॉम्प्युटर शिकायला गेला.

या शिक्षणासाठी दर महिन्याला पोस्टात हप्ते जात, आणि ते जात ताईंच्या कूलरमधून. ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. अकोल्याचा मे महिना ज्याने काढला नाही त्याला सांगून उपयोग नाही. त्या उकाड्यात ताई खिडकीला ओली चादर बांधून भाकरी थापत. दर उन्हाळ्यात त्या कूलर मागत आणि साडू म्हणत, आत्ता महाग आहे, दिवाळीत स्वस्त मिळतो. दिवाळीत आठवण दिली की विचारत, "थंडीत कूलर कोन घेते?" अशा बारा दिवाळ्या मी स्वतः पाहिल्या. शेवटी चिडून मीच कूलरचे पैसे त्यांच्या हातावर ठेवले. पुढच्या मे महिन्यात पाहतो तर खिडकीत तीच ओली चादर. पैसे त्यांनी ताईंच्या नावाने दामदुपटीच्या योजनेत गुंतवले होते. "कूलर तीन वर्षांत भंगारात जाते," त्यांनी मलाच समजावलं, "हे वाढून राहिले." असल्या माणसाला काय म्हणावं? त्यावर ताई हसून म्हणाल्या, "माह्या नावावर हाये न, भाऊजी." मला दोघांचाही राग आला.

यंदा मे महिन्यात गेलो, तर ताईंच्या खाटेसमोर नवाकोरा कूलर. योजनेची मुदत भरली होती. पैसे दुप्पट झाले होते. कूलरची किंमतही झाली होती. साडू निवृत्त झालेले, पोरगा बंगळूरला बक्कळ पगारावर, आणि त्याचं बाळ सांभाळायला ताई दोन वर्षांपासून तिकडेच. कूलर बंद होता. साडू घामाघूम होऊन पुठ्ठ्याने वारा घेत बसले होते.

"तुमची ताई आली की लावू," ते म्हणाले. मग पुठ्ठा खाली ठेवून, "पन तिकडे म्हने पंखाही लागत नाही."

बारा दिवाळ्यांचा साठवलेला टोमणा माझ्या जिभेवर होता, पण तो निघेना. साडू उठले, त्यांनी दोन बादल्या पाणी ओतलं, बटण दाबलं आणि बंगळूरला फोन लावून मोबाइल कूलरच्या तोंडाशी धरला. "आयकू येऊन राहिलं का?" त्यांनी मोठ्याने विचारलं. ताई तिकडून म्हणाल्या, "बंद करा, बिल वाढीन."

आयुष्यात पहिल्यांदाच साडूंनी काटकसरीचा सल्ला मानला नाही. फोन तसाच धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले.