बाईंची घडी

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी गणिताच्या बाई आठवीच्या वर्गात पुस्तक मिटून ठेवत आणि एखाद्या गणिती बाईची गोष्ट सांगत. कधी पुरुषाच्या नावानं पत्रं लिहून आपलं गणित पाठवणारीची, कधी विद्यापीठात वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवणारीची. एरवी बाईंचा आवाज खडूसारखा कोरडा, पण त्या दिवशी तो तापायचा. "डोकं हिचं आणि नाव दुसऱ्याचं," असं म्हणत त्या डस्टर टेबलावर आपटत. मुलं धुळीनं खोकत आणि खूश होत. मागच्या भिंतीवर या बायकांचे तक्ते लागत.

बाईंची स्वतःचीही एक ख्याती होती. कागदी त्रिकोणाचं वरचं टोक पायावर आणून दुमडायचं, मग उरलेले दोन कोपरे त्याच जागी आणायचे. तिन्ही कोन शेजारी शेजारी बसतात, त्यांची सरळ रेष होते आणि एकशेऐंशी अंश घोकावे लागत नाहीत. मुलं हिला 'बाईंची घडी' म्हणत. अशी घडी पुस्तकांतही सापडते हे बाईंना पुढं कळलं, पण त्यांनी ती पुस्तकातून घेतली नव्हती. ती त्यांच्या ताईची होती.

ताई दोन वर्षांनी मोठी. आईनं अंथरूण धरलं तेव्हा दोघींपैकी एकीनं शाळा सोडायची असं ठरलं. गणितात ताईचा हात धरणारं शाळेत कुणी नव्हतं आणि धाकटी कशीबशी पास होणारी. पण धाकटीला घरकाम धड जमत नव्हतं, म्हणून ताई घरी राहिली. धाकटी तोंडात मूग धरून बसली. ताई शिवण शिकली आणि रोज संध्याकाळी कापडाच्या तुकड्यांवर बहिणीला भूमिती शिकवू लागली. एका चिंधीशी चाळा करताना तिला ती घडी सापडली. त्या वर्षी धाकटी वर्गात पहिली आली.

निवृत्तीच्या वर्षी बाईंनी मनाशी पक्कं केलं, की ताईला वर्गात उभं करायचं आणि सगळं सांगून टाकायचं. ठरल्या शुक्रवारी ताई ठेवणीतले कपडे घालून आली. मुलांनी मात्र गुपचूप भिंतीवर बाईंचाच तक्ता लावला होता. मधोमध बाईंचा फोटो आणि खाली 'घडी शोधून काढणाऱ्या आमच्या गणिती बाई'. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं, खोटं कशाला सांगा! "ही माझी मोठी बहीण, फार छान शिवते," एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. बाकीचं पुढच्या महिन्यात सांगू, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

ताईनं चष्मा लावून तक्ता सावकाश वाचला. एक कोपरा सुटला होता, तो अंगठ्यानं दाबून बसवला.

"अक्षर सुरेख आहे गं," ती म्हणाली.

परतताना वाटेत ती गुडघ्यांविषयी आणि महाग झालेल्या अस्तराविषयी बोलत राहिली. चार शब्द सुनावले असते तर बाईंना हलकं वाटलं असतं.

पुढचा महिना संपायच्या आत ताई मशीनवर बसल्या बसल्याच गेली. सुईखाली कुणाच्या तरी झग्याची अर्धी बाही होती.

बाई आठवड्यानं शाळेत आल्या. गोष्टीचा शुक्रवार नव्हता, तरी त्यांनी पुस्तक मिटलं, आपला तक्ता स्वतःच्या हातानं काढला आणि वर्गाला सगळं सांगितलं. 'चोरी' हा शब्दही त्यांनी टाळला नाही. मुलांना कुठं बघावं कळेना. तक्त्यावरचं अक्षर ज्या मुलीचं होतं, ती शेवटी उभी राहिली.

"बाई, तुम्ही आम्हाला सांगणार होता, हे त्यांना माहीत होतं का?"

बाई सवयीनं फळ्याकडे वळल्या. खडू उचलला आणि परत ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.