फोटो काढण्याआधी विचारा

किस्से गोळा करावे लागत नाहीत. एक मोकळं शेत, जुने कपडे घातलेली तीस-चाळीस माणसं आणि हातात मोबाईल असलेली त्याच्या दहापट माणसं एकत्र आणा. संध्याकाळपर्यंत किस्से आपोआप साचतात. आमच्याकडे तीन वर्षांचे साचलेत. मित्र भेटले की एकच सांगायचा असं ठरवून बसतो, आणि चहा गार होतो.

आधी थोडं माझ्याबद्दल. मी सातवीपासून घराबाहेर. आधी डोंगरातलं बोर्डिंग, मग इंग्लंड. तिथे एकदा एका जत्रेत गेलो होतो. लोक चारशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून, तसलीच दुकानं मांडून बसलेले. मला सगळ्यात काय आवडलं असेल, तर कॅमेरा वर करण्याआधी जो तो समोरच्याला विचारत होता, "काढू का?" समोरचा हो म्हणाला तरच फोटो. एवढंच! पण त्या दिवशी मला वाटलं, माणसाला माणूस म्हणून वागवायची सुरुवात इथून होऊ शकते.

परत आलो आणि अल्लीपूरच्या पुढच्या आमच्या गावात ऐंशी वर्षांपूर्वीचा बाजार मांडला. तुरी निघाल्या की आमचं शेत मोकळं होतं, तिथे, दरवर्षी तीन दिवस. तेलाची घाणी, कासार, कुंभार, सूत कातणाऱ्या बाया, आणि मधोमध आमच्या पणजोबांनी बांधलेली दगडी विहीर. दारात मी स्वतः रंगवलेला फलक: 'फोटो काढण्याआधी विचारा.'

*

पहिल्या वर्षी हा नियम सगळ्यात मनावर घेतला तो गुणवंतरावांनी. गुणवंतराव तहसील कचेरीतून निवृत्त झालेले. आमच्या बाजारात ते जुन्या काळचे कारकून होतात: डोक्याला फेटा, पुढ्यात उतरतं मेज, दौत आणि टाक.

सावंगीच्या मेडिकल कॉलेजातला एक मुलगा आला. फलक वाचून आलेला. अदबीने म्हणाला, "काका, तुमचा फोटो काढू का?"

गुणवंतरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "अर्ज आणला?"

मुलगा हसला. गुणवंतराव हसले नाहीत. शेवटी बिचाऱ्याने शेजारच्या कासाराकडून कागद मागून आणला, 'मा. कारकून साहेब यांस' असा मायना घालून व्यवस्थित अर्ज लिहिला. गुणवंतरावांनी तो दोनदा वाचला, टाक दौतीत बुडवला आणि कोपऱ्यात लिहिलं, 'दुरुस्त करून आणा.'

मी त्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "काका, हो किंवा नाही, एवढंच म्हणायचं असतं."

ते म्हणाले, "आयुष्यात मी कधी पहिल्या दिवशी हो म्हटलं नाई बाबू. आता आदत कशी सुटन?"

*

सुमनताई आमच्यात आल्या त्या भांडायला.

सुमनताई सेवाग्रामला दवाखान्यात नर्स होत्या. निवृत्त होऊन गावात, बौद्धवस्तीतल्या घरी, नव्वदीच्या आईसोबत राहतात. मी बाजाराचं पत्रक छापून घरोघरी वाटायला नुकताच निघालो होतो. त्यात विहिरीबद्दल लिहिलं होतं: 'एके काळी सगळं गाव या विहिरीचं पाणी प्यायचं.'

त्यांनी दारातच वाचलं. "सगळं?"

"हो ताई. आजोबा सांगायचे."

"तुह्या आजोबानं सांगतलं. आता माह्या मायले विचार."

गिरजाआजी अंगणात बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. मी विचारलं, "आजी, आमच्या विहिरीचं पाणी कसं होतं?"

"गोड होतं म्हणतात," त्या म्हणाल्या.

'म्हणतात' हा शब्द माझ्या डोक्यात शिरायला जरा वेळ लागला. मग त्यांनी शांतपणे सांगितलं. दहा वर्षांची पोर असताना त्या मडकं घेऊन विहिरीपासून वीस पावलांवर उभ्या राहायच्या. "कोणी आलं, वरतून ओतलं, तं भेटे. नाई आलं तं उभं राहाचं. कधी कधी मडकं तसंच घरी." नंतर वस्तीत वेगळी विहीर झाली, मग नळ आला. पण आजी त्या वीस पावलांच्या आत कधीच गेल्या नाहीत. शेताकडे जायचं तरी वळसा घालून.

इतकं शिकून आलो होतो, आणि पत्रकाच्या पाचशे प्रती छापून बसलो होतो.

त्याच रात्री आम्ही सगळ्या प्रतींवर हाताने 'सगळं' खोडून 'अर्धं' लिहिलं. सुमनताई स्वतः पेन घेऊन बसल्या. गुणवंतरावांनी प्रत्येक खाडाखोडीवर आपली छोटी सही केली. पाचशे सह्या! "खाडाखोडीवर सही नसली तं कागद चालत नाई," म्हणाले.

आणि उठताना सुमनताईंनी अट घातली. "मी येतो तुमच्यात. पण मले मायचा एक फोटो पाह्यजे. त्या विहिरीवर, पाणी काढताना. तिचा एकच फोटो आहे, आधार कार्डावरचा. त्यात तिले कोणी ओळखत नाई, ते स्वतः बी नाई ओळखत. नव्वद वर्षांची झाली. किती दिवस थांबू?"

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "ताई, यंदाच काढू!"

गिरजाआजींना विचारलं. "नाई," त्या म्हणाल्या.

"काऊन व माय?" सुमनताईंनी विचारलं.

"घरी नळ आहे."

*

सुमनताईंकडे आम्ही फोटोची शिस्त दिली. त्यांचा आवाज दवाखान्यात तयार झालेला. विहिरीपाशी गर्दी झाली की त्या हातातली शिट्टी फुंकून एकदाच ओरडायच्या, "एका वेळी एक जण! बाकीचे बाहेर थांबा!"

रांग आपोआप लागायची. एक आजोबा रांगेत अर्धा तास उभे राहिले, त्यांच्यापर्यंत पाळी आली तेव्हा म्हणाले, "सिस्टर, साखर उपाशीपोटी तपासाची का जेवून?"

सुमनताईंनी त्यांना सावलीत बसवलं, सविस्तर सांगितलं, आणि मग त्यांचा फोटोही काढून दिला.

*

शेषरावांची तेलघाणी म्हणजे बाजारातली सगळ्यात जास्त फोटो निघणारी जागा. एक बैल गोल फिरतो, मध्ये जवस चिरडली जाते, वास सगळ्या शेतात.

मेडिकलचीच पोरं होती, चार-पाच. "काका, फोटो काढू?"

शेषराव म्हणाले, "मी तं नुसता उभा आहो. काम तो करून राह्यला. त्याले विचारा."

त्यातली एक मुलगी खरंच बैलासमोर गेली. हात मागे बांधून म्हणाली, "दादा, एक फोटो काढू का?" नेमकी त्याच्या कानावर माशी बसली. बैलाने जोरात मान हलवली. डावीकडे, उजवीकडे.

पोरांनी मोबाईल खिशात घातले आणि निघाली. मी म्हटलं, "अरे, गंमत होती ती!"

"नाही सर," ती मुलगी गंभीरपणे म्हणाली. "नाही म्हणजे नाही."

त्या दिवशी मी घरी येऊन आईला सांगितलं, आता मला परत कुठे जायचं नाही.

*

वेशातल्या आमच्या माणसांसाठीही एक नियम होता: तुम्ही ऐंशी वर्षांपूर्वीचे आहात, तुम्हाला मोबाईल माहीत नाही. कोणी समोर धरला तर आश्चर्य दाखवायचं.

शेषराव यात पटाईत. एक बाई व्हिडिओ काढत होत्या. शेषराव दोन पावलं मागे सरले, डोळे मोठे केले. "बाप्पा! हे काय यंत्र आहे? याच्यात माणूस जाते का?" बाई खूश. आणि नेमका शेषरावांच्या धोतराच्या खोचेतला मोबाईल वाजला.

त्यांनी तो शांतपणे काढला, कानाला लावला. "मी सध्या जुन्या जमान्यात आहो. पाच वाजता लावजो."

*

'जेवणाऱ्या माणसाचा फोटो काढू नये' हा नियम मूळच्या फलकावर नव्हता. दुसऱ्या वर्षी एका स्थानिक पेपरचा बातमीदार आला होता. त्याने काढलेला फोटो दुसऱ्या दिवशी छापून आला. फेटा, दौत, टाक, आणि मागे लपून चायनीज नूडल्स खाणारे गुणवंतराव! खाली ओळ: 'जुन्या काळचा साधा आहार.'

नियम त्याच सकाळी, त्यांच्याच सुवाच्य अक्षरात, फलकावर आला. खाली सही.

*

दुसऱ्याच वर्षी लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं हिंगणघाटहून आलं. मुलगी हिरव्या लुगड्यात, मुलगा बंडीत. सोबतचा फोटोग्राफर घाईत. त्याला विहीर पूर्ण हवी होती आणि काठाशी सुमनताई उभ्या होत्या, आईचं जुनं लुगडं नेसून. त्या वर्षीही गिरजाआजी आल्या नव्हत्या. "पाय दुखते," असा निरोप होता.

"ओ बाई, जरा बाजूला व्हा ना," फोटोग्राफर म्हणाला. "मधात येऊन राह्यल्या तुम्ही."

सुमनताई हलल्या नाहीत. "बाजूलेच होतो लेका आम्ही. आत्ताच तं मधात आलो."

मी धावतच पोचलो. फोटोग्राफरला काही कळलं नव्हतं, पण त्या मुलीला कळलं असावं. ती पुढे आली आणि म्हणाली, "मावशी, तुम्ही आमच्यासोबत फोटोत याल का?"

सुमनताईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "येतो. पण आधी इकडे ये. काष्टा असा घालतात का व?" आणि कडेला नेऊन तिला नीट नेसवून आणलं. त्या लग्नाच्या अल्बममध्ये पहिल्या पानावर नवरा, नवरी आणि मधोमध सुमनताई आहेत. पत्रिका द्यायला दोघं त्यांच्या घरी आले होते.

त्या संध्याकाळी बाजारातून घरी जाताना सुमनताई मला म्हणाल्या, "लोकायच्या फोटोत आली मी. माही माय अजून कोणाच्याच फोटोत नाई."

*

यंदा गिरजाआजींकडे मी एकटाच गेलो. दोन वर्षं मी जाऊन म्हणत होतो, "आजी, तुमचा फोटो काढायचा आहे." यंदा पहिल्यांदा लक्षात आलं की आपल्याच फलकावरचं आपणच वाचलेलं नाही. मी बाजेशेजारी खाली बसलो आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं? यावंसं वाटतं का?"

त्या लसूण सोलत राहिल्या. "पाह्यतो," म्हणाल्या.

शेवटच्या दिवशी दुपारी त्या आल्या. काठी टेकत, पांढरं लुगडं नेसून, दारातल्या फलकाकडे न बघता सरळ. सुमनताईंनी आईला पाहिलं आणि त्यांच्या हातातली शिट्टी खाली पडली. वीस पावलांवर आजी थांबल्या. किती वेळ थांबल्या मला माहीत नाही. मग चालू लागल्या, आणि विहिरीच्या काठाला हात लावून उभ्या राहिल्या. आत वाकून पाणी पाहिलं.

कोणी मोबाईल वर केला नाही. शेषरावांनी घाणी थांबवली होती.

सुमनताईंनी आपला मोबाईल माझ्याकडे दिला. मी दोर आणि बादली गिरजाआजींच्या हातात दिली आणि म्हटलं, "आजी, तुम्ही पाणी काढा. मी फोटो काढतो."

आजींनी दोराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. दोर परत माझ्या हातात ठेवला आणि मोबाईल काढून घेतला.

"तू पाणी काढ," त्या म्हणाल्या. "फोटो मी काढतो."

सुमनताईंनी बटन कुठे आहे ते दोनदा दाखवलं. आजींनी दोन्ही वेळा मान हलवली. काठाजवळच्या दगडावर बसल्या, मोबाईल दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर धरला. सुमनताई घागर घेऊन समोर उभ्या राहिल्या.

विहीर आमची, पण मी कधी तिच्यातून हाताने पाणी काढलं नव्हतं. मोटर आहे. पहिली बादली वर येईपर्यंत अर्धी सांडली. दुसरी बरी आली. चौथ्या बादलीला घागर भरली, तरी आजींनी मोबाईल खाली घेतला नाही. गुणवंतरावांनी चहावाल्याचं पिंप आणून ठेवलं. मी काढत राहिलो. तळहात सोलवटले, सदरा पाठीला चिकटला. पिंप अर्ध्यावर आलं तेव्हा मी धापा टाकत विचारलं, "आजी, आला का फोटो?"

"काढत राह्य बाबू," मोबाईलमागून आजी म्हणाल्या. "मले अजून बटनच नाई सापडलं!"