दोन तुकडे

खिडकीत लोखंडाच्या सळईचे दोन तुकडे आहेत. पोरगी फाउंड्रीच्या लॅबमध्ये आहे. तिथं सळई यंत्रात धरून तुटेस्तोवर दोन्हीकडनं ओढतात. हे तिच्या पहिल्या तपासणीचे तुकडे. खंडेनवमीला हत्यारांबरोबर आमची ही त्यांनाही हळदकुंकू वाहायची. ती यंदा गेली. आज मीच वाहिलं.

तुकडे जुळवून बघितले. तुटलं तिथं सळई बारीक झालीय. पोरगी सांगायची, "आण्णा, लोखंड एकदम तुटत नाही. आधी लांबतं, मग बारीक होतं, मग तुटतं." माणसाचंही तसंच असणार. आवाज तेवढा शेवटी येतो.

काल पोरीच्या अर्जाचं ऑस्ट्रेलियाहून कळलं, तिचं शिक्षण आणि अनुभव तिथल्या कामाला चालतोय. आता व्हिसा मिळेल.

"नको म्हणा आण्णा, मी राहते."

"राहून काय माझ्या भाकऱ्या थापणार? जा!"

जा म्हणालो खरा. अडवू कशाच्या जोरावर?

यातला एक तुकडा ती बरोबर नेणार आहे. ने म्हणालो. पुढच्या खंडेनवमीला अर्ध्या सळईलाच कुंकू लावायचं.