पप्पांनी गाळलेली दोन वचनं

माझे वडील जीवन ओझरच्या विमान कारखान्यात इन्स्पेक्टर होते. दुसऱ्यानं आवळलेला नट खरंच आवळलाय का ते बघायचं आणि मग सही करायची, हे त्यांचं काम. आवळलेल्या नटावरून बोल्टावर लाल रंगाची एक बारीक रेघ ओढतात. नट जरासा फिरला तरी रेघ तुटते आणि लबाडी उघडी पडते. पप्पांनी ही रेघ घरी आणली. गॅसच्या सिलिंडरवर रेघ, पाण्याच्या मीटरवर रेघ, लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरसुद्धा रेघ. त्यांचं तोंड दुधानं कधी पोळलं होतं कुणास ठाऊक, पण ताक मात्र जन्मभर फुंकून प्यायले.

दूधवाला पाणी घालतो, शेजारी नळाला चोरून मोटार लावतात, चर्चमधले पाळकसाहेब मागच्याच वर्षीचा उपदेश पुन्हा वाचतात, असे त्यांचे पक्के संशय होते. पाळकसाहेबांच्या बाबतीत तर ते खरेही निघाले, कारण पप्पांनी तारखा लिहून ठेवल्या होत्या. "विश्वास देवावर," ते म्हणायचे, "बाकी सगळं तपासून घ्यायचं." लहानपणी मला हे वाक्य फार आवडायचं. बाकी सगळ्यात मीही येते, हे पुढं कळलं.

संध्याकाळी सात वाजता आमच्या घरी टीव्ही बंद. पाहुणे असले तरी बंद. पप्पा, आई आणि मी सतरंजीवर बसायचो. पप्पा पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्यानं वाचायचे, मग प्रत्येकानं एकेक वचन तोंडपाठ म्हणायचं, मग आईचं गीत आणि शेवटी प्रार्थना. कोणी आजारी असो की भांडलेलं असो, खाडा नाही. पप्पांच्या संशयावर मी आजही चिडते, पण त्या सातच्या बैठकीवर चिडता येत नाही. माझ्याकडं जे काही आहे ते तिथूनच आलं.

मी एकोणीस वर्षांची असताना माझं कन्फर्मेशन ठरलं. बाप्तिस्म्याच्या वेळी आईवडिलांनी आपल्या वतीनं दिलेला शब्द आता आपण स्वतःच्या तोंडानं बिशपसाहेबांपुढं द्यायचा असतो. त्याआधी फॉर्मवर वडिलांची सही लागते, की मुलगी तयार आहे. सही म्हटल्यावर पप्पांमधला इन्स्पेक्टर जागा झाला.

एक दिवस कपाटातल्या माझ्या शास्त्राच्या पानांमधून लाल दोऱ्याचं टोक डोकावताना दिसलं. मी लगेच ओळखलं. पुस्तक उघडलं की दोरा पडणार. मी वाचत होते, पण फोनवर. नुसतं पुस्तक उघडून मिटलं असतं तरी भागलं असतं. पण माझं डोकंच फिरलं. बापानं लेकीच्या शास्त्रावर पहारा ठेवावा? मी त्या पुस्तकाला बोटसुद्धा लावलं नाही.

बिशपसाहेब रविवारी यायचे होते. गुरुवारी पप्पांनी फॉर्म परत माझ्यापुढं ठेवला, कोराच.

"चाळीस दिवस तू शास्त्र उघडलेलं नाहीस, तृप्ती."

"मी फोनवर वाचते."

"फोनवर काय वाचतेस ते फोनला माहीत."

"दाखवू?"

"दाखवशील ते आजचं. मागच्या चाळीस दिवसांचं काय?"

आई ओट्यापाशी होती. ती तिथूनच म्हणाली, "अहो, लेक आहे ती. नट नाहीये."

"म्हणून तर," पप्पा म्हणाले, "नट सैल निघाला तर बदलता येतो." आणि त्यांचा आवाज जरा हलला. मला तो हललेला आवाज ऐकू आला, पण त्या दिवशी मला त्याची दया आली नाही. चाळीसातले चार-पाच दिवस मी खरंच वाचलं नव्हतं, त्यामुळं राग आणखीच आला.

पण तपासणी दोन्हीकडून होते, हे इन्स्पेक्टरच्या लक्षात आलं नव्हतं. सातच्या बैठकीत ते वाचायचे तेव्हा मीही फोनवर तोच अध्याय उघडून ओळीवर ओळ बघायचे. त्यांना वाटायचं मी मैत्रिणींशी गप्पा मारतेय. आणि मला दिसलं होतं ते असं: डोंगरावरच्या प्रवचनाचा अध्याय आला की पप्पा बाविसाव्या वचनाशी थांबायचे, चष्मा काढून पुसायचे आणि थेट पंचविसाव्यावर जायचे. एकदा झालं तर चूक. तीन वेळा झालं, म्हणजे तो नट मुद्दामच सोडलेला होता. मधल्या दोन वचनांत एवढंच आहे, की वेदीपाशी अर्पण नेताना आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथंच ठेवावं आणि आधी जाऊन भावाशी समेट करावा.

पप्पांचे भाऊ म्हणजे नामपूरचे भिकनकाका. माझी आजी गोजराबाई त्यांच्याच घरी वारली तेव्हा मी दहा वर्षांची होते. तिच्या जुन्या शास्त्राच्या पहिल्या पानावर घरातल्या सगळ्यांचे जन्म आणि बाप्तिस्मे लिहिलेले होते. मातीहून परत आलो तर तिच्या ट्रंकेत शास्त्र नाही. पप्पांनी इकडंतिकडं पाहिलं आणि भरल्या अंगणात भिकनकाकांची शेतावर न्यायची पिशवी उपडी केली. दोन शर्ट, एक टॉवेल आणि तंबाखूची पुडी पडली. "मी चोर शे का, जीवन?" काका एवढंच म्हणाले. पप्पांनी माफी मागितली नाही. उलट वाटेत आईला म्हणाले, "आधीच कुठंतरी ठेवलं असेल." नऊ वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.

शुक्रवारी सातला माझी वचन म्हणायची पाळी आली. मी तेविसावं म्हटलं आणि न थांबता चोविसावंही म्हटलं. आईनं गीत सुरूच केलं नाही. पप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"कुणी शिकवलं?" त्यांनी आईकडं पाहत विचारलं.

"तुम्हीच," मी म्हटलं. "रोज सातला. फक्त ही दोन राहून गेली होती."

शनिवारी सकाळी पप्पा घरात नव्हते. आईला काही सांगितलं नव्हतं आणि फोन टेबलावरच होता. मला वाटलं, सही चुकवायला निघून गेले. दुपारभर मी त्यांच्याविषयी वाटेल ते मनात आणलं. उद्या सगळी मंडळी बसलेली असताना माझं नाव पुकारलं जाणार नाही, हे मी धरूनच चालले होते.

सहाच्या सुमाराला ते आले. खांद्यावर कांद्याची गोणी. "नामपूरला गेलो होतो," एवढं बोलून त्यांनी शर्ट खुंटीला अडकवला आणि हातपाय धुवायला गेले.

मी गोणीकडं पाहिलं. कांदे काय, जवळच्या पिंपळगावलाही मिळतात. बसनं अर्ध्या वाटेपर्यंत जायचं, हिंमत गेली की गोणी घेऊन परत यायचं, कोण विचारतंय? मी खुंटीपाशी गेले आणि शर्टाच्या खिशात हात घातला. एसटीचं तिकीट असेल तर त्यावर गाव असणार. बोटांना कागद लागला, तेवढ्यात पप्पा टॉवेलनं तोंड पुसत बाहेर आले.

त्यांनी माझा हात पाहिला. रागावले नाहीत. स्वतःचीच कुठली तरी जुनी वस्तू दुसऱ्याच्या घरी दिसावी तसे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी तोंडातून निघालंच, "काका भेटले?"

"भेटला. आधी दार उघडेना. मी ओट्यावर बसून राहिलो. मग वहिनीनं चहा आणला." ते खाली बसले आणि त्यांनी फॉर्म पुढं ओढला. "अंगणातच माफी मागितली. पिशवी तिथंच उपडी केली होती ना."

"आणि आजीचं शास्त्र? त्यांच्याकडंच निघालं ना?"

पप्पांनी पेनाचं टोपण काढलं. समोरच्या कपाटात माझ्या पुस्तकातून लाल दोऱ्याचं टोक तसंच बाहेर आलेलं होतं. त्यांनी तिकडं पाहिलं नाही. फॉर्मवर सही केली, खाली तारीख घातली.

"ते मी विचारलं नाही," ते म्हणाले.

मी तिकीट न बघताच खिशातून हात काढला.