घरच्या चुलीवरचा नैवेद्य

पहिल्यांदा मुंबईला निघालो त्या सकाळी वडील, आमचे अण्णा, एसटीपर्यंत आले ते ओल्या फडक्यात बांधलेला भात घेऊन. गावच्या गरम पाण्याच्या कुंडाची राखण आमच्या घराकडे. मूठभर तांदूळ फडक्यात बांधून कुंडात सोडायचे आणि शिजले की देवीला नैवेद्य दाखवायचा, हे अण्णांचं रोजचं काम. "गरम हाय तवर खा," एवढंच म्हणाले. मी तो भात गाडीत रडत खाल्ला.

बोरीवलीत सोसायट्यांच्या लिफ्ट दुरुस्त करत बारा वर्षं काढली. तुम्ही वाडीतले म्हणायचात, पोरगा मार्गी लागला. कसला मार्गी? मला परत यायचं होतं.

मग वरच्या माळावर रिसॉर्टचं ठरलं. मालक म्हणाला, "गरम पाणी कुठे लागेल ते दाखवा, पोराला मेंटेनन्सला घेतो." ते फक्त अण्णांना ठाऊक होतं. थंडीत पहाटे माळ फिरायचा, जिथे गवतावर दव टिकत नाही तिथे खाली ऊन पाणी. अण्णा नाही म्हणाले. "पानी देवीचं हाय. ते कुनाला दाखवायचं नाय." मी दोन दिवस जेवलो नाही. "मग मी तिकडेच मरू का?" असंही बोललो. तिसऱ्या पहाटे ते अनवाणी माळावर गेले आणि दोन ठिकाणी दगड ठेवून आले.

तिथे दोन बोअर पडल्या. मला नोकरी मिळाली, युनिफॉर्म मिळाला. शहरातून लोक येऊन टबात बसू लागले आणि मी ऐटीत त्यांचे व्हॉल्व्ह फिरवू लागलो. वर्षभरात कुंडाचं पाणी कोमट लागतंय अशी कुजबुज सुरू झाली. तुम्ही अण्णांना विचारलंत, भात शिजतो का? शिजतो, म्हणाले. त्यांच्या शब्दावर तुम्ही गप्प बसलात.

एका सकाळी मी लवकर उठलो, तर अण्णा चुलीवरचा भात ओल्या फडक्यात बांधत होते. कुंडात तांदूळ शिजणं कधीच बंद झालं होतं. त्यांनी वर पाहिलं नाही. "सांगितलं तर बोअर बंद करतील," म्हणाले. "तुझी नोकरी जाईल."

मीही गप्प राहिलो. पुढे बोअरही थंडावल्या. आता तिथे बॉयलरवर पाणी तापवतात, आणि फाटकावर 'नैसर्गिक झरा' ही पाटी तशीच आहे. मला काढून टाकलं. अण्णांना घेऊन मी पुन्हा बोरीवलीत आलो. गीझरच्या बादलीत रोज बोटं बुडवून ते म्हणायचे, "यात नाय शिजायचा." वारले त्या सकाळीही त्यांनी बोटं बुडवली होती.

गेल्या महिन्यात तुमचा फोन आला, "कुंड थंड पडलंय, देवी कोपली आहे, राखणीला तुमच्या घरातलंच कुणी हवं, ये." ज्या गावी परतण्यासाठी मी हे सगळं केलं, ते गाव आज मला बोलावतंय आणि मला येववत नाही. देवी कोपलेली नाही. पाणी आमच्या घराने घालवलं, तेही माझ्यासाठी. अण्णांना दोष देऊ नका, मला द्या.

उद्या तुमच्यापैकी कुणीही तांदूळ बांधून कुंडात सोडा. कच्चे निघतील. तसेच देवीला दाखवा.